बँकेचे खाते आणि संगणकातील ट्रोजन

अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यातील सॅनफर्ड या गावी पॅटको नावाच्या एका बांधकाम कंपनीचे कार्यालय होते. कंपनी एका कुटुंबाच्या मालकीची होती. नोकरांचे पगार ती दर आठवड्यास, बहुधा शुक्रवारी, संगणकावरून बँकेस आज्ञा देऊन वाटीत असे. हे काम कार्यालयातील ठराविक संगणकांवरूनच होई आणि एका वेळेस पाठविलेली मोठ्यात मोठी रक्कमही ३७ हजार डॉलरांच्या आतच असे. १३ मे २००९ च्या सायंकाळी कंपनीचे एक मालक काम आटोपून घरी आले, तो बँकेचे एक पत्र टपालाने येऊन पडलेले होते. कंपनीने पाठविलेल्या पैशांपैकी काही रकमा, ज्या खात्यांवर त्या पाठविल्या त्यांचे क्रमांकच चुकीचे असल्यामुळे परत आल्या आहेत, असे पत्रात कळविले होते. कंपनीने तर असे पैसे कोणासही पाठविले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेशी बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला. ७ मेपासून कामाच्या प्रत्येक दिवशी कोणी तरी कंपनीच्या नावाने खात्यात प्रवेश करीत होते, परवलीचा शब्द अचूक देत होते, बँकेने विचारलेल्या गुप्त प्रश्नांची उत्तरेही बिनचूक देत होते, आणि पैसे बाहेर काढीत होते. एकंदर ५,८८,८५१ डॉलर अशा रीतीने काढले गेले. त्यांपैकी २,४३,४०६ डॉलर बँकेस अडविता अथवा परत मिळविता आले. उरलेले ३,४५,४४४ डॉलर गेले ते गेलेच. संगणकाच्या या सर्व व्यवहारात चोरी उघडकीस आणली ती टपालाच्या एका कागदाने, ही गोष्ट वाचकाने मनात ठेवावी; तिचे कारण पुढे येईल.

या प्रकरणी बँकेच्या यंत्रणेचे कुलूप कोणी फोडले नव्हते. ग्राहकाच्या खोलीतील संगणकात कोणी तरी आधीपासून येऊन बसले होते, असा संशय पुढे बळावला. तपासणीत त्या संगणकात ज्या आज्ञावलीचे अवशेष सापडले तिचे नाव झ्यूस. खातेदाराच्या संगणकात राहून त्याच्या बँक व्यवहारावर डल्ला मारणाऱ्या अशा आज्ञावल्यांना बँकिंग ट्रोजन म्हणतात. त्या काय करतात, आणि त्यांना हुसकावून लावताना कोणत्या क्रमाने पावले टाकावयाची, हा या पुस्तिकेचा विषय आहे. क्रमावर एवढा भर का, हे पॅटकोच्या प्रकरणाच्या उत्तरार्धावरून ध्यानात येईल.

ट्रोजन आत येतो कसा

ग्रीकांच्या पुराणकथेत ट्रॉय नगरीच्या रहिवाशांनी शत्रूने मागे ठेवलेला एक लाकडी घोडा आपण होऊन वेशीच्या आत ओढून नेला, आणि त्याच्या पोटात दडलेल्या सैनिकांनी रात्री वेस उघडली, असे वर्णन आहे. ट्रोजन हे नाव त्यावरून पडले. ज्याला काटेकोरपणे विषाणू म्हणावे ती आज्ञावली एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत आपल्या प्रती काढीत पसरते. ट्रोजनास त्याची गरज नसते. त्याला दार उघडून आत घेणारा माणूसच असतो. बोलण्याच्या ओघात दोहोंनाही 'व्हायरस' म्हटले जाते आणि त्याने फारसे बिघडत नाही. मात्र 'मी तर काहीच उघडले नाही' असे सांगणाऱ्यास बहुधा आपण काय उघडले तेच आठवत नसते.

आठवू नये असेच ते असते. कुरिअर कंपनीची पावती, थकलेले बिल, प्राप्तिकराचा परतावा, नोकरीसाठी आलेला अर्ज अशा रूपाने ई-मेलला एक फाइल जोडलेली येते. हिशेबनिसाच्या टेबलावर दिवसाकाठी अशा वीस खऱ्या फाइली येतात. एकविसावी खोटी असली तर ती वेगळी दिसत नाही. वर्डच्या फाइलीत दडविलेल्या छोट्या आज्ञावल्यांच्या, म्हणजे मॅक्रोंच्या, मार्गाने अनेक वर्षे हा व्यापार चालला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप चालू न देण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ साली केली, तेव्हा चोरांनी दाबून बंद केलेल्या झिप फाइलींचा व अन्य वाटांचा आश्रय घेतला. पैसे न देता मिळविलेल्या आज्ञावल्या आणि 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा' असे सांगणाऱ्या खिडक्या हे तर त्याचे जुने दरवाजे आहेत.

झ्यूस हा या कुळातील मूळपुरुष नव्हे, पण सर्वांत पसरलेल्या शाखेचा जनक खास आहे. २००७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या वाहतूक खात्यातील माहितीच्या चोरीच्या निमित्ताने तो प्रथम ओळखला गेला. त्याचा कर्ता स्वतः चोरी करूनच थांबला नाही. त्याने चोरीचे आयुध बांधून विकावयास काढले. विकत घेणाऱ्यास आज्ञावली लिहिण्याचे ज्ञान असावे लागत नसे. कोणत्या बँकेच्या पानावर काय करावयाचे एवढे त्याने एका यादीत भरावयाचे, की त्याच्यापुरता ट्रोजन तयार होई. २०११ च्या मे महिन्यात झ्यूसचा मूळ मजकूरच बाहेर फुटला आणि त्याचे वंशज झपाट्याने वाढले. त्यांतील 'गेमओव्हर झ्यूस' याने पाच ते दहा लक्ष संगणक ग्रासले होते व दहा कोटी डॉलरांहून अधिक नुकसान केले होते, असा अमेरिकेच्या तपास यंत्रणेचा अंदाज होता. २०१४ च्या मे-जून महिन्यांत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे तोडले. येव्हगेनी बोगाचेव्ह या रशियन नागरिकावर त्या प्रकरणी आरोपपत्र ठेवण्यात आले आणि २०१५ साली त्याच्या अटकेस साहाय्यक होणाऱ्या माहितीबद्दल ३० लक्ष डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले.

लखोटा बंद होण्यापूर्वी

बँकेचे पान उघडले असता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत सुरक्षित जोडणीची खूण दिसते, आणि ती दिसली की व्यवहार सुरक्षित, असे पुष्कळांस वाटते. त्या खुणेचा अर्थ मर्यादित आहे. खातेदाराच्या ब्राउझरपासून बँकेच्या संगणकापर्यंत जाणारा मजकूर सांकेतिक लिपीत जातो व वाटेत तो कोणास वाचता येत नाही, एवढेच ती सांगते. लाखेची मोहर लावलेला लखोटा टपालाच्या वाटेवर कोणी फोडू शकत नाही, हे खरे. पण पत्र लिहीत असतानाच लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून कोणी वाचीत असेल तर मोहरेचा उपयोग काय? ट्रोजन नेमका तेथे उभा असतो. तो ब्राउझरच्या चालत्या आज्ञावलीत आपले धागे गुंतवितो, आणि नाव व परवलीचा शब्द सांकेतिक लिपीत जाण्याच्या आधीच्या क्षणी त्यांची प्रत काढून घेतो. कळफलकावर दाबलेल्या कळा नोंदवून ठेवणे हा याहून जुना उपाय. तोही अनेकदा जोडीला असतो.

येथवर तो केवळ हेर असतो. याच्या पुढची पायरी अधिक धोक्याची आहे. बँकेकडून आलेले पान पडद्यावर उमटण्यापूर्वी ट्रोजन त्यात भर घालू शकतो. पान खरे, पत्ता खरा, जोडणीची खूण खरी. पण दोन रकान्यांखाली तिसरा रकाना दिसतो आणि तेथे डेबिट कार्डाचा पिन किंवा आईचे माहेरचे आडनाव विचारलेले असते. बँकेने तो रकाना पाठविलेलाच नसतो. इतकेच नव्हे, तर पानावरची शिल्लकही बदलता येते. २००९ साली जर्मनीतील खातेदारांना लुटणाऱ्या 'यूआरएलझोन' या ट्रोजनाने हीच युक्ती केली. पैसे काढून घेतल्यावर तो पडद्यावर चोरीपूर्वीची शिल्लक दाखवी. खातेदार रोज खाते उघडून पाही आणि समाधानाने बंद करी. बावीस दिवसांत सुमारे तीन लक्ष युरो अशा रीतीने गेले.

पॅटकोच्या मालकास टपालाच्या पत्राने जागे केले, त्याचे महत्त्व यात आहे. ट्रोजन असलेल्या संगणकाचा पडदा हा साक्षीदार म्हणून निरुपयोगी ठरतो. तो जे दाखवितो ते खरे असेल किंवा नसेल, आणि दोहोंतील भेद त्याच पडद्याकडे पाहून करता येत नाही. चोराच्या आवाक्याबाहेरची दुसरी वाट हवी. मग ते पत्र असो, छापलेले पासबुक असो, की दुसऱ्या यंत्रावर आलेला संदेश असो.

बँकांनी वेळोवेळी जादा कुलपे बसविली, आणि ट्रोजनकर्त्यांनी त्यांचा अभ्यास केला. केंटकी राज्यातील बुलिट काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका विभागात, सरकारी पैसे पाठवावयास दोघा अधिकाऱ्यांची संमती लागे: खजिनदार आणि काउंटीचे मुख्य अधिकारी. अनोळखी संगणकावरून कोणी आल्यास बँक अधिकाऱ्याच्या ई-मेलवर एक शब्द पाठवी, तो भरल्याशिवाय दार उघडत नसे. २००९ च्या जून महिन्यात झ्यूस खजिनदाराच्या संगणकात शिरला. चोरांनी त्याच संगणकाच्या जोडणीतून बँकेत प्रवेश केला, त्यामुळे ते बँकेस अनोळखी वाटले नाहीत. मग त्यांनी मुख्य अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द आणि ई-मेलचा पत्ता बदलून टाकला, आणि दुसरी संमतीही स्वतःच दिली. दोन सह्यांची व्यवस्था होती, पण दोन्ही लेखण्या एकाच हाती गेल्या. ४,१५,००० डॉलर दहा हजारांच्या आतील तुकड्यांनी पंचवीस-एक जणांच्या खात्यांत पाठविण्यात आले. हे पंचवीस जण म्हणजे 'घरबसल्या काम' या जाहिरातीस भुललेली माणसे होती. आलेले पैसे दलाली कापून परदेशी पाठविणे एवढेच आपले काम, असे त्यांस सांगितलेले असते. पोलीस प्रथम पोचतात ते त्यांच्याच दारी.

एकदाच चालणाऱ्या, क्षणाक्षणास बदलणाऱ्या अंकांनी, म्हणजे ओटीपीने, काम अवघड झाले हे निश्चित. अशक्य मात्र झाले नाही. झ्यूसच्या एका टोळीने अशी सोय करून घेतली होती, की खातेदाराने अंक भरताच टोळीच्या माणसास तत्क्षणी निरोप जाई. अंकांची मुदत संपण्याच्या आत तो त्यांचा उपयोग करी, आणि खातेदारास पडद्यावर 'बँकेची यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद आहे, थोड्या वेळाने यावे' असे दिसे. हे अंक मोबाइलवर येऊ लागले तेव्हा २०१० साली मोबाइलवरचा झ्यूसही आला.

ट्रोजन काढावयाचा कसा

संगणकात ट्रोजन आहे अशी शंका आली की बहुतेक माणसे अँटिव्हायरस चालू करतात. घरातील आगीवर पाणी ओतावे इतके हे स्वाभाविक आहे. पॅटकोतही तेच झाले. चोरी कळताच बँकेने कंपनीस सुचविले होते, की ते संगणक जाळ्यापासून तोडावेत, कामासाठी वापरू नयेत, परंतु चालू ठेवावेत, आणि तज्ज्ञाकडून त्यांच्या डिस्कची तंतोतंत प्रत काढून घ्यावी. कंपनीच्या संगणक-सल्लागाराने मात्र सफाई करणारी आज्ञावली चालविली. तिने आपले काम चोख केले: झ्यूसचे अवशेष शोधले, बाजूस काढले आणि नष्ट केले. आता झ्यूसची कामाची यादी, म्हणजे कोणत्या बँकेच्या पानावर काय चोरावयाचे हे सांगणारी फाइल, सांकेतिक लिपीत असते, आणि तिची किल्ली ट्रोजनाच्या मुख्य भागातच असते. यादी मागे राहिली होती. किल्ली असलेला भाग सफाईत गेला. त्यामुळे या ट्रोजनाने कंपनीचे परवलीचे शब्द चोरले की नाही, याचे उत्तर देणे कोणासही शक्य राहिले नाही. पैशांची जबाबदारी कोणाची यावर बँकेशी खटला उभा राहिला तेव्हा ही उणीव कंपनीस नडली.

यास्तव पहिले काम सफाईचे नव्हे. पहिले काम म्हणजे संगणकाचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडणे. जाळ्याची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. ट्रोजन आत राहिला तरी त्याला मालकाशी बोलता येत नाही आणि मालकास आत येता येत नाही. पैसे गेलेले असतील तर संगणक बंद करू नये. बंद करताच स्मृतीत असलेला पुरावा पुसला जातो. पैसे गेले नसतील, नुसती शंकाच असेल, तर बंद करण्यास हरकत नाही.

दुसरे काम दुसऱ्या यंत्रावरून करावयाचे. बँकेस दूरध्वनी करावा, आणि तो पासबुकावर अथवा कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर. पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर कधीही नव्हे. भारतात आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेथे तक्रार लवकर पोचली तर पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी गोठविता येण्याची आशा असते. येथे तासांचाच नव्हे तर मिनिटांचा हिशेब असतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात कालमर्यादा घालून दिली होती: दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिऱ्हाइताचा असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडू नये, चार ते सात दिवस लागले तर मर्यादित बोजा पडावा. तक्रारीची तारीख व क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. ज्याचा संगणकच बंद करून ठेवावयाचा आहे त्याने ही टिपणे त्याच संगणकात ठेवणे बरे नव्हे.

त्यानंतर परवलीचे शब्द बदलावेत, तेही निर्दोष यंत्रावरून. ग्रस्त संगणकावर बसून नवा शब्द घालणे म्हणजे नवी किल्ली करवून ती चोराच्याच हाती देणे होय. बँकेच्या आधी ई-मेलचा शब्द बदलावा. कारण इतर सर्व ठिकाणचे विसरलेले शब्द ई-मेलवरच परत मिळतात, आणि ज्याच्या हाती ई-मेल त्याच्या हाती बाकी सगळे. 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा' अशी सोय असते, तिचा उपयोग करावा; नाही तर चोराने आधीच उघडून ठेवलेले दार शब्द बदलूनही उघडेच राहण्याचा संभव असतो.

एवढे झाल्यावरच सफाईकडे वळावे. येथे एक अडचण आहे. अँटिव्हायरस ज्या विंडोज प्रणालीवर उभा राहून शोध घेतो तीच प्रणाली ट्रोजनाने आपलीशी केलेली असू शकते. फाइलींची यादी मागितली असता प्रणालीनेच एक नाव वगळून यादी दिली, तर शोधणारा काय करणार? झ्यूसच्या आरंभीच्या आवृत्त्या आपल्या फाइली अशाच लपवीत. म्हणून शोध बाहेरून घ्यावा. विंडोजमध्येच 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' नावाची सोय आहे. ती निवडली की संगणक पुन्हा सुरू होतो, नेहमीची प्रणाली निजलेली राहते, आणि साधारण पाव तासात तपासणी पुरी होते. अन्य कंपन्यांच्या अशाच, यूएसबीवरून सुरू होणाऱ्या तपासणी-प्रणाली मिळतात. त्या यूएसबीवर चढविण्याचे काम अर्थातच दुसऱ्या संगणकावर करावे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांची सफाईची साधने त्या केंद्रामार्फत विनामूल्य मिळण्याची व्यवस्था करण्यात आली.

हौशी माणसास ट्रोजन हाताने शोधण्याचा मोह होतो. झ्यूसची दुसरी आवृत्ती वापरणाऱ्याच्या 'ॲपडेटा' नावाच्या कप्प्यात अर्थहीन अक्षरांचे नाव घेऊन राही, आणि संगणक सुरू होताच आपण जागे व्हावे म्हणून रजिस्ट्रीच्या 'रन' या नोंदीत आपला पत्ता लिहून ठेवी. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप'ची यादी, ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी आणि ब्राउझरच्या जोडण्या पाहिल्या तर संशयास्पद नावे दिसतात, हे खरे. परंतु खऱ्या प्रणालीतील कित्येक नावेही तितकीच अर्थहीन दिसतात, आणि चोराने घेतलेले नाव पुष्कळदा अगदी सोज्ज्वळ असते. एक नोंद पुसावी, तर चालू असलेला दुसरा भाग ती पुन्हा लिहितो. या खेळात दुपार जाते आणि मन निःशंक होत नाही.

निःशंक होण्याचा मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: डिस्क समूळ पुसून प्रणाली नव्याने बसविणे. याचे कारण असे, की एक ट्रोजन सापडला म्हणजे एकच होता असे होत नाही. 'इमोटेट' हा ट्रोजन २०१४ साली बँकेची माहिती चोरणारा म्हणून निघाला. पुढे त्याने आपला धंदा बदलला आणि इतरांच्या ट्रोजनांना भाड्याने वाट करून देऊ लागला. त्याच्यामागून 'ट्रिकबॉट' येई, आणि ट्रिकबॉटच्या मागून फाइली ओलीस धरणारा 'र्‍यूक'. २०२१ च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी इमोटेटची यंत्रणा ताब्यात घेतली. काही महिन्यांनी तो पुन्हा दिसू लागला. अशा मालिकेतील एक कडी तपासणीत सापडली आणि 'संगणक स्वच्छ आहे' असा शेरा मिळाला, तर त्या शेऱ्याची किंमत किती धरावी?

पुसण्यापूर्वी कामाचे दस्तऐवज व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत. आज्ञावल्या मात्र घेऊ नयेत. त्या मूळ ठिकाणाहून पुन्हा आणाव्यात. हिशेब व पगारपत्रकाची कामे ज्या आज्ञावलीवर चालतात तिच्या माहितीची प्रत घेण्याची रीत आधी विक्रेत्यास विचारून घ्यावी, कारण छोट्या कार्यालयांत पुसण्याचे काम अडते ते येथेच. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या यूएसबीवरून विंडोज बसवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, नव्याने बसवावयाचेच तर नवी आवृत्ती बसविणे शहाणपणाचे. प्रणालीच्या सर्व सुधारणा प्रथम करून घ्याव्यात, मग दस्तऐवज तपासून परत आणावेत. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते उघडावे. झ्यूससारख्या ट्रोजनास तेवढ्यानेही पुरते अडविता येत नाही, पण प्रणालीच्या गाभ्यात हात घालणे त्यास कठीण होते. आणि बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्यावर ई-मेलच्या फाइली उघडूच नयेत. एखाद्या संस्थेस दुसरा संगणक घेणे महाग वाटेल; पण पॅटकोचे गेलेले पैसे पाहता तो खर्च मोठा नव्हे.

भारतात आज बँकेचे व्यवहार संगणकापेक्षा मोबाइलवरच अधिक होतात, आणि ट्रोजनही तेथे पोचले आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात सर्ट-इनने 'ड्रिनिक' या ट्रोजनाची सूचना काढली. प्राप्तिकराचा परतावा मिळेल असा संदेश येई, त्यातील दुव्यावरून एक ॲप उतरवून घ्यावे लागे, आणि २७ हून अधिक बँकांचे ग्राहक त्याचे लक्ष्य होते. पुढे लग्नपत्रिकेच्या आणि वाहतूक दंडाच्या नावानेही अशी ॲप व्हॉट्सॲपवरून येऊ लागली. संदेश वाचण्याची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी ती मागतात. ही दुसरी सोय मुळात अंध व अपंग व्यक्तींसाठी आहे. ती दिली की ॲपला पडदा वाचता येतो व स्वतः बटणेही दाबता येतात. असे ॲप काढताना प्रथम मोबाइल विमान-स्थितीत टाकावा, वाय-फाय बंद असल्याची खात्री करावी, मग परवानग्या काढून घ्याव्यात, 'सेफ मोड'मध्ये ॲप काढून टाकावे, आणि तरीही शंका राहिल्यास मोबाइल मूळ स्थितीत आणावा. बाकीचा क्रम संगणकासारखाच.

पॅटकोच्या खटल्यात २०११ साली जिल्हा न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. ३ जुलै २०१२ रोजी अपील न्यायालयाने तो फिरविला. गुप्त प्रश्न केव्हा विचारावयाचे याची मर्यादा बँकेने एक डॉलरवर आणून ठेवली होती, त्यामुळे ते प्रश्न प्रत्येक व्यवहारात विचारले जात. सुरक्षितता वाढावी म्हणून केलेल्या या बदलाने उलटेच घडले: जितक्या वेळा उत्तर लिहिले जाई तितक्या वेळा ते टिपून घेण्याची संधी चोरास मिळे. शिवाय बँकेची यंत्रणा प्रत्येक व्यवहारास धोक्याचे गुण देत असे. कंपनीचे नेहमीचे व्यवहार १० ते २१४ गुणांच्या आत असत. ७ मेच्या पहिल्या चोरीस ७९० गुण मिळाले होते. ते पाहणारे त्या वेळी बँकेत कोणी नव्हते. ही व्यवस्था व्यापारी दृष्ट्या रास्त नव्हती, असे न्यायालयाने ठरविले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बँकेने गेलेली रक्कम व्याजासह देऊन प्रकरण मिटविले. झ्यूसची ती यादी मात्र अखेरपर्यंत वाचली गेली नाही.

प्रणाली नव्याने बसविल्यानंतरही काही आठवडे खात्याची शिल्लक त्या संगणकावर पाहून भागू नये. बँकेत जाऊन पासबुक भरून आणावे, आणि नवे नाव जोडले गेल्याची, मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल बदलल्याची नोंद झाली आहे काय, हे खिडकीवरच्या कारकुनास विचारून घ्यावे. चोर पैसे काढण्याआधी बहुधा याच गोष्टी बदलतो.